नैवेद्याआधीची वाटी

परवा येळवस झाली. मडकं घासून, उन्हात वाळवून माळ्यावर उपडं घातलं, तरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला आंबूस वास काही हलायला तयार नाही. अजून आठ दिवस तो तिथंच मुक्काम ठोकणार. दरवर्षीचंच आहे हे. आणि दरवर्षी त्या कोपऱ्यात काही ठेवायला वाकले की माझे हात घटकाभर थांबतात. मग घरातलं कुणीतरी ओरडतं, "अगं, चा टाकायलीस न्हवं?" आणि मी माणसांत येते.

ज्यांच्या मुलखात येळवस नाही त्यांना थोडं सांगायला हवं. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमच्या बीदर-कलबुर्गीकडची रानातली दिवाळी. त्या दिवशी गावात शोधून माणूस सापडत नाही. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, म्हणजे कणीस अजून पानांच्या पोटातच असतं. हरभऱ्याला घाटे लागलेले असतात, तुरीला शेंगा. भुई दिवसांत असते. मग दिवस गेलेल्या बाईचे पुरवावेत तसे तिचे डोहाळे पुरवायचे. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, तिच्यावर शाल टाकायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे आणि निवद दाखवायचा. निवदाला पिठाचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर आणि भज्जी. ही भज्जी कढईत तळायची नसते. तुरीचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे घालून केलेली ती घट्ट आंबट भाजी असते. पुण्याकडचे पाहुणे दरवर्षी फसतात आणि आम्ही दरवर्षी हसतो.

या सगळ्याचा जीव मात्र अंबील. पौर्णिमा झाली की घरोघर एक मडकं बसतं. रोजचं ताक त्यात ओतायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि अमावस्येपर्यंत आंबू द्यायचं. मग त्यात ज्वारीचं पीठ शिजवायचं, मडकं डोक्यावर घेऊन रानात जायचं, "व्हलगे व्हलगे" अशी आरोळी ठोकत लिंबाच्या डहाळीनं पिकावर शिंपडायचं. आधी भुई पिणार, मग आपण. त्या आरोळीचा अर्थ काय, हे मी लग्न होऊन आल्यापासून विचारायलेय. कानडी बोलणारे म्हणतात मराठी आहे, मराठी बोलणारे म्हणतात कानडी आहे. ओरडायला मात्र दोघं सगळ्यांच्या पुढं.

मडक्याचा नियम एकच, पण कडक. निवद दाखवायच्या आधी त्याला कुणी तोंड लावायचं नाही. लेकराचं बोट बुडलं तरी मडकं उष्टं झालं म्हणून सगळं ताक म्हशीपुढं ओतणारी घरं मी पाहिली आहेत.

माझं माहेर उदगीर. तिथंही येळवस असते, तेव्हा हळ्ळीखेडला आल्यावर मला कुणी काही शिकवायची गरज नव्हती, असं माझं मत होतं. आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं मत वेगळं होतं. फडकं बांधण्यापासून आमची सुरुवात. मी सरळ दोन वेढे देऊन गाठ मारायची. त्या सोडायच्या आणि डावीकडून वेढा घेऊन, टोक आत खोचून पुन्हा बांधायच्या. "ही काय गाठ हाय व्हय? मडकं हाय ते, कुनाची येनी न्हवं." मी मनात म्हणायची, ताकाला कळतंय का कुठली गाठ आहे ते. तोंडानं म्हणायची धिटाई नव्हती. आता आहे, पण आता मीच त्यांची गाठ मारते.

आत्याबाईंचं दुसरं एक वाक्य घरात मिठासारखं सगळ्यात पडायचं. "त्याचं त्यो बघतोय, आपन आपलं बघाव." म्हैस सुटून गेली, त्याचं त्यो बघतोय. एका वर्षी फुलोऱ्यातली तूर उभ्या उभ्या वाळली, तेव्हा बांधावर बसून पुरुषमाणसं डोकं धरायली होती आणि आत्याबाई तेच म्हणत वाळली झाडं उपटायला लागल्या. पहिली दोन-तीन वर्षं मला या वाक्याचा वीट आला होता. देव काय बांधावर बसून आमची म्हैस राखायलाय? एकदा तसं बोलूनही दाखवलं. त्या चिडल्या नाहीत. "राखत नसंल तर कोन आनून बांदली मग काल?" म्हणाल्या. म्हैस शेजारच्या अण्णांनी आणून बांधली होती. हे मी सांगितलं, तर म्हणाल्या, "त्येच म्हनायलेय की मी."

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी मला सातवा महिना होता. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत किती जणींनी माझ्या पोटाकडं बघून उसासा टाकला, ते मी कुणाकुणाचे ब्लाऊज शिवले त्यापेक्षा चांगलं लक्षात ठेवलंय. तेव्हा हा सातवा महिना म्हणजे सगळ्या घराचा सातवा महिना होता. आमचे हे बी-बियाण्याच्या दुकानातून दिवसातून चार वेळा फोन करायचे आणि काही न बोलता ठेवायचे. आत्याबाई मला घागर उचलू द्यायच्या नाहीत. आणि मला डोहाळे होते आंबटाचे. चिंचा, कच्च्या कैरीचं लोणचं, आंबट चुका, सगळं खाऊन झालं होतं. त्यात पौर्णिमा झाली आणि मडकं बसलं.

पाचव्या दिवशीची दुपार. आत्याबाई रानात गेलेल्या, मी शिलाई मशीनवर बसलेली. कोपऱ्यातून वास यायला लागला. उठले, परत बसले. तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं. शेवटी उठून गेले, फडकं सोडलं आणि एक वाटी भरून घटाघटा प्यायले. देवाशप्पथ सांगते, आयुष्यात तसं काही पुन्हा चाखलं नाही. मग वाटी धुतली, पालथी घातली, फडकं परत बांधलं आणि मशीनवर येऊन बसले. हसूसुद्धा आलं होतं मला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच मशीनवर बसले असताना पोटात कळ आली.

पुढचं सगळं फार वेगानं झालं. जीप, बीदरचा दवाखाना, पांढऱ्या भिंती. संध्याकाळच्या आत कस्तुरी झाली होती. सव्वा किलोची. मला लांबूनच दाखवली. ओल्या चिमणीसारखी ती, अंगावरची कातडी इतकी पातळ की आतलं सगळं दिसावं. मग तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर भले माणूस होते, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, काही दिवस काहीच सांगता येणार नाही.

ती श्वास विसरायची. हे मला आधी माहीतच नव्हतं, की अवेळी आलेलं लेकरू श्वास घ्यायचं विसरतं. मशीन टुंई करून ओरडायचं, मग रेणुका सिस्टर यायच्या आणि तिच्या तळपायावर बोटानं टिचकी मारायच्या. ती दचकायची आणि पुन्हा घ्यायला लागायची. प्रत्येक टिचकीला मी तिच्या पायाकडं बघत राहायची. पुढच्या टिचकीला ती दचकली नाही तर?

त्या खोलीच्या दाराशी चपलांच्या मांडणीजवळ सिस्टरनी औषधांचं एक रिकामं खोकं ठेवलं होतं. आत काहीच न्यायचं नाही, असा नियम. तेव्हा येणारी माणसं आपापलं त्या खोक्यात ठेवून आत जायची. त्यात गाणगापूरचा अंगारा होता, माझ्या आईनंच पाठवलेला. दर्ग्याचा हिरवा दोरा होता, चर्चमधल्या तेलाची बाटली होती, भंडाऱ्याची पुडी होती, लिंबू तर पाच-सहा. सिस्टर झाडताना म्हणायच्या, "सब भगवानां यहींच बैठो. अंदर मैं देख लेती." हसू यायला पाहिजे होतं. मला त्या दिवसांत कशाचंच येत नव्हतं.

कारण मला माहीत होतं हे कुणामुळं झालं. निवदाआधी तोंड लावलं मी. भुईचं खाल्लं मी. तिचे डोहाळे मी माझ्या तोंडात घातले, म्हणून तिनं माझं कच्चंच काढून घेतलं. आज लिहिताना हे खुळ्यासारखं वाटतं. कस्तुरी तर म्हणते, "आई, तू पागलच व्हतीस." पण तेव्हा त्या काचेपुढं उभं राहून मला याच्याइतकं खरं दुसरं काही वाटत नव्हतं. यांना सांगितलं नाही. आईला सांगितलं नाही. कुणाला सांगणार? सहा वर्षं ज्या घरानं वाट पाहिली, त्या घराला सांगू, की एका वाटी ताकापायी मी घालवलं?

सहाव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, आता हिला उराशी धरायचं. झगा पुढून उघडा ठेवायचा, लेकरू छातीवर उघड्या अंगाला लावायचं, वरून पांघरूण घ्यायचं आणि बसायचं. आईच्या अंगाची ऊब पेटीपेक्षा चांगली, म्हणाल्या. मी नको म्हणाले. "कामून?" मी म्हटलं, भीती वाटते. सिस्टरना वाटलं नळ्यांची भीती. मला माझ्या हातांची भीती वाटायली होती. या हातांनी फडकं सोडलं होतं. हे तिला लागले तर उरलंसुरलंही जाईल, असं डोक्यात बसलं होतं. तीन दिवस सिस्टर म्हणत राहिल्या आणि तीन दिवस मी आज नको, उद्या, करत राहिले. दूध काढून द्यायची, ते नळीनं जायचं. हात लावायची नाही.

इकडं गावात वेगळाच घोळ झाला होता. येळवस आली होती आणि आम्हाला सोयर होतं. लेकरू जन्मलं की दहा दिवस घरातल्यांनी पूजा करायची नाही. अमावस्या पडली आठव्या दिवशी. यांनी घरी फोन केला, "आई, औंदा ऱ्हाऊ दे. कुनाचं मन हाय?" भावकीतल्या चार शहाण्यांनीही तेच सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "लेकरू तुजं आजारी हाय. भुई कुटं आजारी हाय? तिनं कामून उपाशी ऱ्हावं?"

सोयरवाल्यांनी पूजा करायची नसते, पण दुसऱ्याच्या हातून करवून घ्यायला कुणाची ना नसते. त्या वर्षी सोयाबीन निघालेल्या आमच्या रिकाम्या तुकड्यात मायव्वाच्या घरची मेंढरं बसवली होती. रानाला खत मिळतं, मेंढरांना चारा. मायव्वा आत्याबाईंच्याच वयाची, उभा जन्म मेंढरांमागं गेलेली. आत्याबाईंनी सगळा स्वयंपाक केला, कोपीपर्यंत नेला आणि स्वतः लांब बांधावर बसल्या. पूजा मायव्वानं केली. निवद तिनं दाखवला. अंबील तिच्या नवऱ्यानं शिंपडली. जेवताना मायव्वानं विचारलं, सूनबाई कुठं आहे? आत्याबाईंनी सगळं सांगितलं. तर ती सहज म्हणाली, "मग पोटाशी धरत न्हाई व्हय ती? आमचं कोकरू दिसाच्या आदी पडलं तर आमी पटक्यात गुंडाळून उराला बांधताव. चार दिस चालताव तसंच. जगतंय की."

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आत्याबाई बीदरला आल्या. एका हातात अंबिलीचा डबा आणि काखेत मायव्वानं दिलेला घोंगडीचा तुकडा. तो सिस्टरनी दारातच पकडला. "अज्जी, ये क्या है?" "लेकराला गुंडाळायला." "ये नक्को अज्जी, इसमें दुनिया भर का जंतू है." मग आत्याबाईंनी मायव्वाचं सगळं सांगितलं, आपल्या मराठीत, मध्येच कानडी घालून. सिस्टर ऐकत गेल्या, मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडं वळल्या. "सुनी क्या? मैं तीन दिन से वहीच बोल रही ना?" घोंगडी खोक्यात गेली, अंगाऱ्याच्या आणि दोऱ्याच्या वर.

आत्याबाई माझ्याशेजारी बाकड्यावर बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तू ताक प्यालीस न्हवं?"

मी दचकून त्यांच्याकडं वळले.

"फडक्याला तुजी गाठ व्हती. उदगीरची."

आठ दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढं, मी त्यांच्या मांडीवर डोकं टेकून ओरडून ओरडून रडले. माझ्यामुळं झालं, आत्याबाई. मी उष्टं केलं. मी हात कसा लावू तिला?

त्या मला रडू देत होत्या. मग म्हणाल्या, "ये खुळे. पोटुशीनं प्यालेलं उष्टं व्हत न्हाई. आमच्यात तर मडक्यातली पयली वाटी पोटुशीचीच असती. घरात दोन पोटुश्या, येक भुई अन् येक तू. तू प्यालीस म्हंजी तिनंच प्याली. निवद तवाच पोचला. त्यो आधीपासून बघायलाय तुज्या लेकराकडं. आता तू बी बग."

असं म्हणून त्यांनी डबा उघडला, बोटभर अंबील माझ्या जिभेला लावली. ओल्या बाळंतिणीला आंबट चालत नाही, हे पथ्य त्यांनी एरवी कधीच मोडलं नसतं, ते मोडलं. मग डबा सिस्टरच्या पुढं केला. "तू बी पी. तू बी लेकरं राखायलीस."

तासाभरानं कस्तुरी माझ्या छातीवर होती. चार सुती कपड्यांच्या घडीइतकंही ओझं नव्हतं तिचं. सुरुवातीला मी श्वाससुद्धा घेत नव्हते, तिला धक्का लागेल म्हणून. सिस्टर ओरडल्या, "तुम सांस लेव पहले. तुमना देखको वो लेती." मी घेतला. माझी छाती वर गेली, तशी तीही वर गेली. खाली आली, तशी खाली. ऊन खिडकीतून पायांवर आलं होतं. काचेपलीकडं हे उभे होते, पंजा काचेला टेकवून. आणि मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, की मी एकटी धरलेली नाही हिला. हे मला नीट सांगता येत नाही. आत्याबाईंसारखं मला कधीच सांगता आलं नाही. पण माझ्या हातांखाली आणखी कुणाचे तरी हात होते, हे मी तेव्हा मानलं आणि अजून मानते.

लगेच सगळं गोड झालं असं नाही. पुढचे वीस-बावीस दिवस मशीन ओरडतच होतं. एकदा तर टिचकीनंही ती दचकली नव्हती, सिस्टरनी पाय चोळचोळून तिला आणलं. पण मी काचेबाहेर उभी राहून पाहत नव्हते. रोज सकाळ-दुपार तिला उराशी घेऊन बसायची आणि "त्याचं त्यो बघतोय, मी माझं बघायलेय," असं तिच्या टोपीला सांगायची. ज्या वाक्याचा मला वीट यायचा, तेच. संक्रांत उलटून गेल्यावर आम्ही तिला घरी आणलं. दारात आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "लई उशीर केलास गं. हुरडा संपला की."

आता कस्तुरी नववीत आहे. माझ्यापेक्षा बोटभर उंच, जिभेनं तर हातभर. परवा अंबिलीचं मडकं डोक्यावर तीच घेऊन गेली आणि आरोळी अशी ठोकली की पलीकडच्या रानातले लोक वळून बघायले. आत्याबाई थकल्या आहेत, रानापर्यंत येववत नाही. अंगणात उन्हाला बसून त्यांनी आरोळी ऐकली म्हणे. ऐकू गेली असेल असं मला वाटत नाही, पण त्या म्हणतात गेली.

त्या वर्षापासून माझा एक नेम आहे. येळवशीच्या सकाळी, पीठ शिजवायच्या आधी, गल्लीत जी कुणी दिवसांत असेल तिला बोलवायचं आणि मडक्यातली पहिली वाटी तिला द्यायची. आधी लोक बिचकायचे. मी ठणकावून सांगायची, आमच्या आत्याबाईंच्या घराण्यात असंच असतं. हळूहळू इतर घरांनीही उचललं. आता हळ्ळीखेडातल्या आमच्या गल्लीत विचारा, कुणीही सांगेल, पयली वाटी पोटुशीची. जणू पूर्वापार चालत आलंय.

परवा सकाळी शेजारची भाग्यश्री आली. मंठाळची लेक, मागच्या वर्षी लग्न होऊन आलेली. सातवा महिना. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलेलं, तेव्हा पावलंसुद्धा मोजून टाकते बिचारी. उंबऱ्याशीच थांबली. मी वाटी पुढं केली, तर तिनं हात मागं घेतला.

"काकू, राग येऊ देऊ नका. आमच्या मंठाळात असलं न्हाई. आई म्हनली, निवदाच्या आदी तोंड लावलं तर लेकराला लागतंय."

तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखलं. चौदा वर्षांपूर्वी बीदरच्या काचेत मला तेच दिसायचं. मी म्हटलं, थांब गं, आमच्या आत्याबाईंच्याच तोंडून ऐक. आणि अंगणात गेले. त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आत्याबाई, आत या जरा. भाग्यश्री भ्यायलीय. पयल्या वाटीचं तुमच्या घराण्यातलं सांगा की तिला."

मग त्यांच्या दात नसलेल्या तोंडात हसू आलं.

"आमच्या घरान्यात कुटं हाय असलं काय?"

मला वाटलं त्यांना नीट ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं.

"आयकू आलंय गं. न्हाईच मुळी. माज्या सासूनं तर मला बोट बुडिवलं म्हनून झोडपलं व्हतं."

मी त्यांच्याशेजारी बसले. "मग तवा दवाखान्यात..."

"बसमधी सगळी वाट इचार करायले. हिला काय सांगू, काय सांगू. कायबी सुचंना. उतरले तरी सुचंना. तुजं त्वांड बगितलं अन् आपसूक निघालं."

"म्हणजे तुम्ही खोटं..."

"खोटं?" त्यांनी हनुवटीनं रस्त्याकडं दाखवलं. तिथं कस्तुरी डोक्यावर चुंबळ ठेवून मैत्रिणींना मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होती. "त्ये खोटं हाय का बग बरं. आगं, मला कुटलं येवडं श्यानपन? मी आडानी बाई. त्यानंच घातलं तोंडात. त्याचं त्यो बघतोय म्हनते मी, तर तुला वाटतंय मी म्हशीचंच बोलायलेय."

मला हसावं की रडावं कळेना. चौदा वर्षं मी छाती पुढं काढून सांगत आले होते. गल्लीतल्या किती जणींना पाजलं. सगळ्या बाळंतपणांत सुखरूप सुटल्या, हेही त्याच दमात आठवलं. आत्याबाईंनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "ऊट आता. ती पोरगी उभी हाय कवाची."

मी उठले. स्वयंपाकघरापर्यंतची दहा पावलं मला फार लांब वाटली. भाग्यश्री चौकटीला धरून उभी होती, एक हात पोटावर. "काय म्हनल्या आजी?" तिनं विचारलं.

मी मघाची भरलेली वाटी पुन्हा उचलली. आणि बोलायला तोंड उघडलं तेव्हा खरंच मला माहीत नव्हतं काय निघेल.

"भाग्यश्री, माझी कस्तुरी सातव्या महिन्यात झाली. मी हेच ताक चोरून प्याले होते आणि मलाही वाटलं होतं लेकराला लागलं म्हणून. ती बघ बाहेर काय गोंधळ घालायलीय. घराण्याचं राहू दे, कुणाच्या घराण्यात नाही हे. मी सांगतेय तुला. ज्यानं तिला राखलं, त्याला एका वाटी ताकाचा राग येत नाही. पी."

तिनं बाहेर बघितलं. कस्तुरी तेवढ्यात ओरडली, "आईऽ, आन की लौकर, ऊन चढायलंय!" भाग्यश्रीनं माझ्या हातातून वाटी घेतली, डोळे मिटले आणि एका दमात रिकामी केली. ओठांवरचा पांढरा थेंब पुसला, थोडी लाजली आणि वाटी परत पुढं धरली.

"काकू, अजून अर्दी."